फाळक्यांचा वाटाणा आणि न्यूयॉर्कचे थिएटर

दोह्यात काही वर्षे काढलेल्या माणसाला इमारती उगवण्याचे नवल राहत नाही. सुट्टीवर गावी जाताना जिथे नुसता खड्डा आणि पत्र्याचे कुंपण पाहिलेले असते, तिथे पुढच्या खेपेला वीस मजले उभे असतात. मुशैरिबचा जुना भाग जाऊन तिथे नवे शहर उभे राहताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आणि कुणाला प्रत्यक्ष पाहायला सवड झाली नसेल, तर बांधकाम कंपन्याच ते दाखवतात. दोन-तीन वर्षांचे काम दोन मिनिटांत उरकणारी चित्रफीत आपण लिफ्टजवळच्या पडद्यावर कितीदा तरी पाहिलेली असते. क्रेन भिरभिरतात, ढग धावतात, मजल्यावर मजला चढतो. आपण लिफ्ट आली की आत शिरतो.

गेल्या हिवाळ्यात मंडळात दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ दाखवायचे ठरले आणि चित्रपटापूर्वी दहा मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण अभियांत्रिकीचे, पोटापाण्याचा उद्योग संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा. चित्रपटाचा मी केवळ हौशी वाचक आणि प्रेक्षक. पण तयारी करताना फाळक्यांच्या एका मिनिटभराच्या चित्रफितीपाशी मी अडकलो, आणि त्या दहा मिनिटांत जे बोलता आले नाही ते या लेखात मांडावे असे वाटले. माझे म्हणणे थोडक्यात असे की, फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक हे आपण पाठ केले, पण ते प्रयोग करणारे गृहस्थ होते हे विसरलो. आणि ते विसरल्यामुळे त्यांचे चित्रपट पाहायचे कसे हेही आपल्याला कळेनासे झाले.

सुरुवात मात्र अमेरिकेतून करावी लागेल. १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि तेरावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरचे ‘स्टार थिएटर’ पाडायला घेतले. समोरच अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीचे कार्यालय होते. तिथल्या फ्रेडरिक आर्मिटेज या कॅमेरामनने कॅमेरा थिएटरकडे तोंड करून बसवला आणि दर चार मिनिटांनी एक चित्र, रोज आठ तास, असे काम चालवले. म्हणजे दिवसाला १२० चित्रे. चित्रण संपून ती फीत पडद्यावर चालवली तेव्हा अख्खे थिएटर वरून खाली वितळत गेले. रस्त्यावरची माणसे आणि घोडागाड्या किड्यामुंग्यांसारख्या वळवळल्या, इमारतींच्या सावल्या दिवसामागून दिवस रस्ता ओलांडत राहिल्या. कंपनीने पुढे अशीही सोय सुचवली की खेळ करणाऱ्याने हवी तर फीत उलटी चालवावी, म्हणजे पाडलेले थिएटर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उभे राहील.

या फितीत गोष्ट नाही, नट नाहीत. आहे तो फक्त एक प्रश्न: कॅमेऱ्याकडून वेळ आवळून घेता येईल का? अमेरिकेतल्या मूक प्रायोगिक चित्रपटाचा इतिहास सांगताना पुष्कळदा १९२० नंतरची नावे पुढे येतात. चित्रकार चार्ल्स शीलर आणि छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांचा ‘मॅनहट्टा’ १९२१ साली लोकांपुढे आला. त्यात न्यूयॉर्क शहर उंचावरून, कोनाकोनांतून पाहिले आहे. १९२८ साली रॉबर्ट फ्लोरी आणि स्लाव्को वोर्कापिच यांनी हॉलिवुडमधल्या एका क्षुल्लक नटाच्या जगण्या-मरण्यावर छोटा चित्रपट केला. त्याचा खर्च सत्त्याण्णव डॉलर झाला असे सांगतात. पुठ्ठ्याचे तुकडे आणि दिव्यांच्या सावल्या वापरून त्यांनी त्यात शहर उभे केले. १९२९ साली राल्फ स्टाइनरने नुसत्या पाण्याचे चित्रण करून ‘एच टू ओ’ बनवला. शेवटी शेवटी त्यात पाणी पाणी राहत नाही, प्रकाशाची रांगोळी होते. या मंडळींना चित्रपटाच्या धंद्याशी फारसे देणेघेणे नव्हते. थोडा पैसा, हाताशी असेल ते साहित्य आणि यंत्राला काय काय जमते हे पाहण्याची ओढ, एवढे त्यांचे भांडवल होते. पण माझ्या मते आर्मिटेजची फीत त्यांची थोरली बहीण आहे. तिला कुणी कला म्हटले नाही, इतकेच.

आता १९१२ सालच्या दादरला या. धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा बेचाळिशीचे होते. त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन इथले शिक्षण, छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाईचा कारखाना, मध्येच ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोग, असे सगळे करून झाले होते. छपाईच्या धंद्यातून ते बाहेर पडले होते. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांनी आपले देव पडद्यावर आणायचे ठरवले ही कथा आपल्याला माहीत आहे. त्या वेडापायी डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टी गेली, हेही आपण वाचलेले असते. विम्याचे कागद गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांची व्यवस्था केली आणि एप्रिलमध्ये परत आले.

परत आल्यावर त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लगेच केला नाही. करायला पैसे नव्हते. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ थोडीथोडी फिल्म घेत राहिले. बी फुटले, कोंब आला, त्याचा वेल झाला. मिनिटाभराहून थोडी मोठी अशी ती फीत, ‘अंकुराची वाढ’. ती पाहून ओळखीच्या लोकांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले.

चरित्रकारांसाठी ही एक गोड आठवण असते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या चित्रपटानेही ती आपल्या मनात रुजवली. पण तिच्याकडे काम म्हणून पाहिले पाहिजे. मी साधा हिशेब केला. त्या काळी सेकंदाला सोळा चित्रे हा सर्वसाधारण वेग धरत. म्हणजे मिनिटाच्या फितीला हजाराच्या आसपास चित्रे लागतात. ती एका महिन्यावर वाटली तर दिवसाला तीस-पस्तीस पडतात. त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा पुरा फिरवला की सहसा आठ चित्रे निघत. इथे काम एकेका चित्राचे. आर्मिटेजपाशी कंपनीचे कार्यालय होते आणि ठरावीक वेळाने चित्र घेणारी विजेवर चालणारी योजना होती. फाळक्यांपाशी घर होते. दिवसातून तीस-पस्तीस वेळा उठायचे, कॅमेऱ्यापाशी जायचे, एक चित्र घ्यायचे आणि परत यायचे. कुंडी तसूभर हलता कामा नये, कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये. घरात लहान मुले. कुंडीला पाणी घातले पाहिजे, आणि पाणी घालणारा हात चित्रात येता कामा नये. यातले काही चुकले आहे की नाही हे महिना संपून फिल्म धुतल्याशिवाय कळणार नाही. माझ्या व्यवसायात चूक झाली तर यंत्र क्षणात सांगते, आणि तरी आमची चिडचिड होते.

दोन फितींत मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कची इमारत पडणारच होती. कॅमेरा नसता तरी ती पडली असती आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाने ते पाहिले असते. वाटाण्याचा वेल मात्र तसा कुणीच पाहिलेला नसतो. शेतकऱ्याला वाढ कळते, दिसत नाही. सकाळी पाहावे तर काल होता त्यापेक्षा वेल बोटभर पुढे गेलेला असतो, एवढेच. आर्मिटेजने दिसणारी गोष्ट आवळून दाखवली, फाळक्यांनी न दिसणारी गोष्ट दिसती केली. अर्थात हे करणारे ते जगातले पहिले नव्हेत. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० साली उमलणाऱ्या फुलांचे असेच चित्रण केले होते. ‘पहिला’ या शब्दाचा हव्यास इथे सोडून दिलेला बरा.

तो हव्यास आपण नाहीतरी फार बाळगतो. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण करणारे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, पहिले. की मे १९१२ मध्ये ‘पुंडलिक’ दाखवणारे रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे पहिले. की ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावणारे फाळके पहिले, हा वाद आपल्या दिवाळी अंकांना वर्षानुवर्षे पुरला. सावेदादांनी समोर घडणारी गोष्ट टिपली. ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते आणि कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता. तिघांच्या कामाची जात वेगळी आहे. शर्यत लावण्यापेक्षा ती जात ओळखणे हे समीक्षेचे काम.

फाळक्यांच्या कामाची जात कोणती? इथे आपली भाषा मदतीला येते. मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द प्रयोगशाळेतही चालतो आणि नाट्यगृहातही. दोन्हीकडे तो इतका रुळलेला आहे की त्यात काही विशेष आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. ‘आज प्रयोग आहे’ असे विज्ञानाचे सर म्हणतात आणि नाटक कंपनीचा व्यवस्थापकही म्हणतो. एकात ‘असे केले तर काय होईल’ हा प्रश्न असतो, दुसऱ्यात प्रेक्षकांसमोर करून दाखवणे असते. अमेरिकेतल्या त्या मंडळींना धंद्याच्या चित्रपटापासून वेगळे होऊन प्रयोग करावा लागला. फाळक्यांनी ती फारकत केलीच नाही. त्यांच्या चित्रपटात दोन्ही अर्थांचे प्रयोग एकाच वेळी चालतात.

‘कालिया मर्दन’ची सुरुवातच पाहा. हा चित्रपट १९१९ सालचा, आणि फाळक्यांच्या मूकपटांपैकी बऱ्याच अंशी शाबूत राहिलेला. कृष्णाचे काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हा ती कृष्ण नसते. पडद्यावर सात वर्षांच्या एका मुलीचा चेहरा जवळून दिसतो आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. तसे आधीच लिहून सांगितलेले असते. त्यानंतर तिच्या जागी कृष्ण येतो. आजचा कुठलाही पौराणिक मालिकेचा निर्माता हे करायला धजणार नाही. देवाचे सोंग घेणारी मुलगी कोण आहे हे आधी दाखवले तर भक्ताचा भाव मोडेल अशी त्याला भीती वाटेल. फाळक्यांना ती भीती नाही. गोंधळी किंवा दशावतारातला नट जसा आपल्यासमोर तोंडाला रंग लावून उभा राहतो आणि तरी त्याचा देव खोटा ठरत नाही, तसा हा विश्वास आहे. हा सगळा भाग माझ्या दृष्टीने ‘अंकुराची वाढ’चाच पुढचा धडा आहे. एका चेहऱ्यावर भाव कसा उगवतो आणि कसा मावळतो हे कॅमेरा अगदी जवळ बसून पाहतो.

पुढे कृष्णाच्या खोड्या आहेत. झोपलेल्या नवराबायकोची दाढी आणि केस एकमेकांना बांधण्याचा प्रकार पाहून आमची मुले खो खो हसली. शेवटी कृष्ण यमुनेत उडी घेतो. पाण्याखाली कालियाशी झुंज चालू आहे आणि काठावर गोकुळ आक्रोश करते आहे, अशी दोन दृश्ये आलटून पालटून येतात. वर काय चालले आहे ते खालच्याला माहीत नाही, खाली काय चालले आहे ते वरच्यांना दिसत नाही, आणि प्रेक्षकाला मात्र दोन्ही दिसते. कीर्तनकार बुवा जे ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ म्हणून करतात ते इथे कात्रीने केले आहे.

या जागी आमच्या कार्यक्रमात एक गोष्ट घडली. कृष्ण नागाच्या फणीवर उभा राहून पाण्यातून वर आला तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आजींनी हात जोडले. त्याच क्षणी खाली सतरंजीवर बसलेला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मागे वळून म्हणाला, “काका, हे त्यांनी कसं केलं?” कुणीतरी त्याला गप्प केले. मला वाटते, त्याला गप्प करायला नको होते. फाळक्यांना आजींचा नमस्कार हवा होता आणि त्या मुलाचा प्रश्नही हवा होता. तसा प्रश्न पडावा म्हणूनच तर त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची फीत काढली. तिचे काही तुकडे उरले आहेत आणि त्यांत स्वतः फाळके काम करताना दिसतात. ‘केळफा’च्या जादूवरही त्यांनी फीत केली. जादूगाराने स्वतःच्या कारखान्याचे दार प्रेक्षकांसाठी उघडायचे, असा हा प्रकार आहे.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी द्यायचे राहून गेले, म्हणून इथे देतो. फिल्मच्या ज्या भागावर उजेड पडतो तिथे चित्र उमटते. काळ्या पडद्यापुढे उभ्या माणसाचे चित्रण केले तर फक्त माणूस उमटतो, बाकीची फिल्म कोरी राहते. मग तीच फिल्म कॅमेऱ्यात मागे गुंडाळायची आणि त्या कोऱ्या जागेवर दुसरे चित्र घ्यायचे. दोन्ही एकत्र दिसतात. ‘श्रीकृष्ण जन्म’ या १९१८ सालच्या चित्रपटात कंसाचे डोके धडापासून सुटून वर जाते, ते याच वाटेने. हे सारे मोजून-मापून करायचे. दांडा किती वेळा फिरवला हे मनात मोजायचे आणि फिल्म तितकीच मागे न्यायची. एक फेरा चुकला की डोके धडावर बसत नाही. जॉर्ज मेलिएस यांनी फ्रान्समध्ये आणि एडविन पोर्टर यांनी अमेरिकेत अशा करामती याआधी केल्या होत्या. फाळक्यांनी ती विद्या आपल्या पुराणाला जोडली. आपल्या पुराणात रूप पालटणे, अदृश्य होणे, एकाचे अनेक होणे हा व्यवहारच आहे. ते पडद्यावर आणताना त्यांना कथा वाकवावी लागली नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर कच्ची फिल्म मिळेना आणि पैसाही आटला. तेव्हा फाळक्यांनी आगकाड्या घेतल्या. ‘आगकाड्यांची मौज’ ही त्यांची फीत म्हणजे एकेक काडी थोडी थोडी सरकवून केलेले हलते चित्र. कुंडी, आगकाडी, स्वतःची मुलगी: फाळक्यांच्या प्रयोगाचे साहित्य हे असे घरातले आहे. फ्लोरी आणि वोर्कापिच यांच्या पुठ्ठ्याच्या शहराशी त्याचे नाते ‘हरिश्चंद्रा’च्या राजवाड्यापेक्षा जवळचे आहे.

आणि घर म्हटले की सरस्वतीबाईंचे नाव घ्यायला हवे. दागिने गहाण पडले ते त्यांचे. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, कॅमेऱ्यात भरणे ही कामे त्या शिकल्या, आणि स्टुडिओतल्या माणसांचे जेवणखाणही त्यांनीच पाहिले. भोके सारख्या अंतरावर पडली नाहीत तर पडद्यावरचे चित्र थरथरते. फाळक्यांच्या चित्रपटातली देवाची मूर्ती स्थिर उभी राहिली यात त्या हातांचा वाटा आहे. आपण त्यांना ‘खंबीर साथ देणारी पत्नी’ म्हणून गौरवतो. तंत्रज्ञ म्हणून क्वचितच गौरवतो.

कौतुक पुष्कळ झाले. फाळक्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख जयंतीचे भाषण होईल. उपलब्ध असलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’त (हे तुकडे १९१३ च्या मूळ चित्रपटाचे की १९१७ च्या नव्या आवृत्तीचे, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत) कॅमेरा बहुतेक वेळ समोरच्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा बसून राहतो. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो ते दृश्य रविवर्म्याच्या छापील चित्रासारखे मांडलेले आहे. लोणावळ्याच्या त्या छापखान्याशी फाळक्यांचा संबंध आला होता, तेव्हा त्यात नवल नाही. पण चित्र मांडले आणि मग ते हलू लागले, एवढेच त्यात घडते. त्यामानाने विश्वामित्राच्या यज्ञात ज्वाळांमधून तीन शक्ती दिसतात तिथे, किंवा स्त्रीवेषातले पुरुष नट ओलेत्याने पाण्यात धमाल करतात तिथे, चित्रपट जिवंत होतो. करामत किंवा मौज असली की फाळके रमतात. नुसती गोष्ट सांगायची वेळ आली की ते घाईत असतात.

दुसरे असे की, १९१८ मध्ये भांडवलदारांच्या सोबतीने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि चित्रपटांची संख्या वाढत गेली. कंपनीला हुकमी माल हवा असतो. पौराणिक चित्रपट चालतो म्हटल्यावर पौराणिकच निघत राहिले. तिकडे कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी कॅमेरा इथेच तयार केला, आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर आणला. समोरच्या समाजाकडे कॅमेरा वळवण्याचा हा प्रयोग फाळक्यांच्या हातून झाला नाही. बोलपट आल्यावर तर त्यांचे जगच संपले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला गेले तेव्हा चित्रपटाच्या दुनियेला त्यांची फारशी आठवण नव्हती. तेव्हा फाळक्यांमधला प्रयोग करणारा माणूस फक्त आपण विसरलो असे नाही; धंद्याने तो त्यांच्या हयातीतच मागे सारला होता.

आता मूळ अडचणीकडे येतो. ज्या चित्रफितीवर मी एवढे लिहिले, ती मी पाहिलेली नाही. कुणालाच पाहता येत नाही, कारण ‘अंकुराची वाढ’ची प्रत आज उपलब्ध नाही. ‘आगकाड्यांची मौज’चीही नाही. ‘स्टार थिएटर’ मात्र मी पाहिले, घरी बसून, चहा पिता पिता. एकशे वीस वर्षांपूर्वी पाडलेले थिएटर अजून पडते आहे आणि वाटाण्याचा वेल मात्र गेला, हे कसे?

याचे उत्तर कलेत सापडत नाही. ते दफ्तराच्या नियमात आहे. अमेरिकेत त्या काळी चित्रपटासाठी वेगळा स्वामित्वहक्क नव्हता, छायाचित्रांसाठी होता. म्हणून कंपन्या चित्रपटातली सगळी चित्रे कागदाच्या लांब पट्टीवर छापून सरकारदरबारी जमा करत. फिल्म नायट्रेटची, ती पेट घेते, सडते, तिच्यातल्या चांदीसाठी वितळवलीही जाते. कागद मात्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिला. १९१२ साली कायदा बदलला तोवर तीन हजारांहून अधिक चित्रपट असे कागदावर जमा झाले होते. पुढे त्यांचे पुन्हा फिल्मवर चित्रण झाले, आणि स्टार थिएटर त्यातून परत आले. कुणी त्याला थोर कलाकृती मानले म्हणून ते वाचले नाही. कुणीतरी पावती घेऊन कागद जमा केला म्हणून वाचले.

अमेरिकेचेही सगळे शाबूत आहे असे नाही. २०१३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथल्या जवळपास अकरा हजार मोठ्या मूकपटांपैकी केवळ चौदा टक्के आपल्या मूळ स्वरूपात उरले आहेत. आपल्याकडे पूर्ण मूकपट बोटांवर मोजावेत इतकेच. जे आहेत ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे, आणि विशेषतः पी. के. नायर यांच्यामुळे. १९६४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेसाठी त्यांनी फाळक्यांच्या कुटुंबापासून जुन्या चित्रपटगृहांपर्यंत दारोदार हिंडून डबे गोळा केले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि त्यातले पुष्कळ पुन्हा गेले. एक माणूस आयुष्यभर वेचत राहतो, आणि एका दुपारचा जाळ पुरतो.

हे सगळे परदेशी राहणाऱ्या आपल्याला कशाला, असे कुणी विचारील. माझ्या कपाटात एक खोके आहे. त्यात मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेटी आहेत. जाता जाता कुणी कुणी माझ्याकडे ठेवून गेलेल्या. गणपती, दिवाळी पहाट, मुलांची नाटके. कॅसेट लावायचे यंत्र आता घरात नाही. दोन कॅसेटींना बुरशी धरली आहे. एकीवर फक्त ‘बालनाट्य’ असे लिहिले आहे, साल नाही. त्या नाटकातली मुले आज तिशी-चाळिशीत असतील, त्यांतली बरीच हा देश सोडून गेली असतील. या गावात आपण कुणीच कायमचे नसतो. व्हिसा संपतो, सामान बांधले जाते, आणि खोके पुढच्याच्या हाती जाते किंवा कचऱ्यात. आपल्यापाशी नायर नाहीत आणि कागद जमा करून घेणारे दफ्तरही नाही.

त्या कॅसेटींत थोर असे काही असेल असा माझा दावा नाही. फाळक्यांनी कुंडीसमोर कॅमेरा लावला तेव्हा त्यांनाही ती फक्त कर्ज मिळवण्यासाठी केलेली खटपट वाटली असेल. कशाचे मोल पुढे कळेल हे आज ठरवता येत नाही, म्हणून ठेवायचे ते सगळे ठेवावे लागते. माझी मंडळाला विनंती आहे की अशा कॅसेटी ज्यांच्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात. त्यांच्या प्रती करून घेण्याचे तांत्रिक काम मी आनंदाने करीन. मात्र एक अट आहे. प्रत्येक कॅसेटीवर साल आणि त्यातल्या माणसांची नावे लिहायला कुणीतरी माझ्यासोबत बसले पाहिजे, कारण ते कुठल्याही यंत्राला जमत नाही.

आणि त्या सतरंजीवरच्या मुलाला पुढच्या कार्यक्रमाला जरूर आणावे. या वेळी त्याला कुणी गप्प करणार नाही. घरी कुंडी असेल तर मूठभर वाटाणेही आणावेत. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. महिनाभर ती कुंडी जागची न हलवणे तेवढे जमले पाहिजे.